चिठ्ठ्या तीन, पिशवी एक : मधुमेहाच्या औषधांत फार्मासिस्टची मदत



ऊस विकास खात्याने लागण, खोडवा, बेणे आणि खतांचे हप्ते सोडून गोळ्या-औषधांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गट कार्यालयात उसाची नोंद द्यायला येणारे सभासद हल्ली उसाच्या जोडीने आपल्या ‘शुगर’च्या गोष्टीही बोलतात. किती गुंठे लागण केली हे विचारावे, तर आधी पायाला मुंग्या येतात ते ऐकावे लागते. आणि बोलता बोलता खिशातून किंवा पिशवीतून औषधाच्या चिठ्ठ्या निघतात. एक गावच्या डॉक्टरांची, एक तालुक्याच्या गावची आणि एक मुंबईची.

‘शेतात राबणाऱ्याला साखर होत नाही’ हा आपल्याकडचा जुना समज आहे. तो आता मोडीत काढला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा असा त्यातला अंदाज आहे. प्रौढांमधील प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. म्हणजे शंभर सभासदांच्या गावसभेत आठ-नऊ जण तरी या रोगाचे धनी असणार, आणि त्यातल्या काहींना त्याचा पत्ताही नसणार. आपण साखर पिकवणारी माणसे. दिवाळीला सवलतीची साखर घरी नेणारी माणसे. तेव्हा या विषयाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

मात्र ‘गोड खाऊ नका, चालत जा’ हा उपदेश आपण पुष्कळ ऐकलेला आहे. तो खराही आहे. या लेखात आम्हाला वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. डॉक्टरांनी लिहिलेली औषधे एकमेकांशी जुळतात की नाही हे कोणी पाहावयाचे, आणि त्या कामी औषधाच्या दुकानातला शिकलेला फार्मासिस्ट डॉक्टरांना कशी मदत करू शकतो, एवढाच विषय घेतला आहे.

काळाचौकीचा संबंध

सातारा, सांगली, कोल्हापूरकडील कितीतरी घरांत एक भाऊ शेतावर आणि एक भाऊ मुंबईला गिरणीत, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काळाचौकी, लालबाग, परळ, शिवडी हा मुलूख आपल्या लोकांना तालुक्याच्या गावाइतकाच ओळखीचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणीचा भोंगा बंद पडत गेला. गिरण्या गेल्या, काही ठिकाणी टॉवर उभे राहिले. पण खोल्या राहिल्या, नाती राहिली. आजही गावाकडचा माणूस जास्त आजारी झाला की काळाचौकीत किंवा अभ्युदयनगरात चुलत्याकडे, पुतण्याकडे उतरतो आणि सकाळी लवकर उठून परळच्या केईएम रुग्णालयात रांगेला लागतो. १९२६ साली सुरू झालेले हे महानगरपालिकेचे रुग्णालय शंभर वर्षे गरिबाला आधार देत आले आहे.

तिथले डॉक्टर तपासून चिठ्ठी देतात. पुतण्या खोलीखालच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या घेऊन देतो. माणूस एस.टी.ने गावी परततो. गावी जुन्या डॉक्टरांच्या गोळ्या घरात असतातच. त्या टाकून कशा द्यायच्या? म्हणून दोन्ही सुरू राहतात. मध्येच कंबर धरली की तिसऱ्या डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी येते. मुंबईत कायमचे राहणाऱ्यांचेही वेगळे नाही. पावसाळ्यात लावणीला गावी आले की इथले औषध, परत गेले की तिथले.

यात कोणा एका डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेल्या माणसाला पाहून योग्य तेच लिहिलेले असते. परंतु तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कोणीच पाहिलेल्या नसतात. एकाच प्लॉटला तिघांनी सल्ला द्यावा, तसे हे आहे. एकाने युरिया सांगितला, दुसऱ्याने १०:२६:२६ सांगितले, तिसऱ्याने आणखी एक संयुक्त खत सांगितले. पोती तीन, नावे तीन. पण नत्र तिन्हींत आहे. बेरीज कोणी केली नाही तर पीक नुसते माजते, लोळते आणि उतारा पडतो. औषधाचेही असेच आहे. फरक इतकाच की इथे पीक म्हणजे माणूस आहे.

फार्मासिस्ट म्हणजे नुसता गोळ्या काढून देणारा नव्हे

आपण ज्याला ‘मेडिकलवाला’ म्हणतो, तिथे दोन प्रकारची माणसे असू शकतात. एक दुकानाचा मालक किंवा नोकर, आणि दुसरा नोंदणी झालेला फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. त्यासाठी पदविका किंवा पदवी लागते. २००८ पासून आपल्या देशात ‘फार्म.डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. त्यात विद्यार्थी रुग्णालयात डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरून औषधांचा मेळ कसा घालावा ते शिकतात. पुढे २०१५ साली फार्मसी व्यवसायाचे नियम झाले. त्यांत रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून घातले आहे.

डॉक्टरांचे शिक्षण रोग ओळखण्याचे. फार्मासिस्टचे शिक्षण औषधाचे. कोणत्या गोळीत कोणता घटक आहे, तो शरीरातून कसा बाहेर पडतो, कशाबरोबर चालतो आणि कशाबरोबर चालत नाही, हा त्याचा अभ्यास. रोगाचे निदान करणे आणि औषध बदलणे हा अधिकार डॉक्टरांचाच आहे व तसाच राहावा. परंतु ‘डॉक्टरसाहेब, या माणसाच्या पिशवीत आणखी या चार गोळ्या आहेत, आणि किडनीचा रिपोर्ट असा आहे’ एवढे कोणीतरी डॉक्टरांना सांगितले, तर ते आपली चिठ्ठी अधिक नेमकी लिहू शकतात. माती परीक्षणाचा अहवाल हातात असला म्हणजे शेतकी खाते खताची मात्रा नेमकी सांगू शकते, तसेच हे.

कुठे कुठे गफलत होते

मधुमेहाच्या औषधांत नेहमी आढळणाऱ्या गोष्टी खाली देत आहोत. प्रत्येक सभासदाने त्या आपल्या पिशवीशी ताडून पाहाव्यात. मात्र वाचून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये किंवा वाढवू नये, ही विनंती आहे.

(१) घटक एक, नावे दोन. समजा गावच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दिली आहे. मुंबईच्या डॉक्टरांनीही तीच दोन औषधे दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिली. डब्यांचे रंग निराळे, नावे निराळी. माणूस दोन्ही घेतो आणि ग्लिमेपिराइड दुप्पट पोटात जाते. दुपारी बारे देताना पाटावरच चक्कर येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. साखर कमी होऊन आलेली ही घेरी कधी कधी ऊन लागले म्हणून खपून जाते.

(२) किडनीचा हिशेब. मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. परंतु ते किडनीवाटे बाहेर पडते. रक्तातील क्रिएटिनिनवरून ‘ई.जी.एफ.आर.’ हा आकडा काढतात. किडनी किती काम करते हे तो सांगतो. हा आकडा ३० ते ४५ च्या दरम्यान आला तर मेटफॉर्मिनचा डोस साधारण निम्म्यावर आणतात आणि ३० च्या खाली गेला तर ते औषध बंद करतात. पाच वर्षांपूर्वी लिहिलेली चिठ्ठी तशीच चालू ठेवली आणि मध्यंतरी क्रिएटिनिन केलेच नाही, तर हे कळणार कसे?

(३) वय झाले, गोळी तीच. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी स्वस्त म्हणून पुष्कळांना वर्षानुवर्षे चालू आहे. तिचा अंमल लांबतो आणि म्हाताऱ्या माणसाची साखर रात्री-अपरात्री फार खाली जाऊ शकते. साठीच्या पुढे ही गोळी योग्य नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतच म्हटले आहे. चाळिशीत सुरू केलेली गोळी सत्तरीत चालेलच असे नाही.

(४) दुखण्याच्या गोळ्या आणि स्टेरॉइड. मोळ्या उचलून, वाकून भांगलण करून कंबर-गुडघे दुखतात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या माणूस चिठ्ठीवाचून घेतो. मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी साफ होण्याची गोळी आणि वरून रोजची दुखण्याची गोळी, हे सगळे एकत्र आले म्हणजे किडनीवर मोठा भार पडतो. दमा किंवा सांधेदुखीसाठी दिलेले प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखे स्टेरॉइड साखर एकदम वर नेते. डॉक्टरांना ते ठाऊक नसेल तर ते मधुमेहाचे औषध वाढवतात. पुढे स्टेरॉइड बंद होते, वाढवलेले औषध मात्र तसेच राहते, आणि साखर घसरते.

(५) मुंग्यांचे दुसरे कारण. पायाला मुंग्या येणे हे मधुमेहाचे लक्षण खरेच. परंतु मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्याने शरीरातील ‘बी-१२’ जीवनसत्त्व कमी होते आणि त्यानेही मुंग्या येतात. साधी रक्ततपासणी करून हे कळते व उपायही सोपा आहे. इतकी वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे, बी-१२ पाहावे का, हे सुचवणे फार्मासिस्टला सहज शक्य आहे.

(६) इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिन ‘४०’ आणि ‘१००’ अशा दोन ताकदींत मिळते. बाटली बहुधा ४० ची असते, पेनमधले १०० चे. सिरिंजही दोन तऱ्हेच्या : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. आता हिशेब पाहा. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. उलट १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले तर ५० युनिट जातात. पहिल्यात साखर उतरत नाही, दुसऱ्यात जिवावर बेतते. डॉक्टरांची चिठ्ठी अगदी बरोबर असूनही ही गोष्ट घडते, आणि काउंटरवर बाटली व सिरिंज शेजारी ठेवून पाहणारा फार्मासिस्टच ती पकडू शकतो.

(७) जे असायला हवे ते नसणे. जास्त औषधे हा जसा दोष, तसा कमी औषधे हाही दोषच. लघवीतून प्रथिने जात असतील तर किडनी वाचवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, चाळिशीपुढच्या बहुतेक मधुमेहींना कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन, हृदय किंवा किडनी अशक्त झाली असेल तर डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची नवी औषधे, यांचा विचार डॉक्टरांनी करावयाचा असतो. गर्दीत तो राहून जातो. साखर वर्षभर चढीच आहे आणि चिठ्ठी मात्र तीच ती, असेही होते. नव्या औषधांनाही नियम आहेत. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, कडक उपवास केला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना विचारून ते काही दिवस थांबवावे लागते.

फार्मासिस्ट नेमके काय करतो

हे काम मंत्रतंत्राचे नाही, चिकाटीचे आहे. पहिली पायरी म्हणजे पिशवी उलटी करणे. माणूस घेतो ती सगळी औषधे टेबलावर ओतायची. ॲलोपॅथी, आयुर्वेदिक, पुड्या, तेल, गावठी काढा, काही लपवायचे नाही. दुसरी पायरी म्हणजे यादी. कंपनीचे नाव बाजूला ठेवून घटकाचे नाव, मात्रा, किती वेळा आणि कोणी दिले, अशी चार रकान्यांची यादी. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असा नियम केला. तो पाळला गेला की हे काम निम्मे हलके होते. तिसरी पायरी म्हणजे यादी रिपोर्टाशेजारी ठेवणे : उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, एच.बी.ए.वन.सी., क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब.

यातले एच.बी.ए.वन.सी. अनेकांना समजत नाही, म्हणून आपल्या धंद्यातला दाखला देतो. एखाद्या दिवशी कारखान्याचा उतारा १२ लागला म्हणून हंगामाचा सरासरी उतारा १२ होत नाही. सुईच्या टोकाने घेतलेली साखर हा एका दिवसाचा उतारा. एच.बी.ए.वन.सी. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी भात सोडून एका दिवसाचा आकडा सुधारता येतो, सरासरी सुधारता येत नाही. बहुतेकांसाठी ही सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास असावी असे धोरण असते. वयस्कर आणि इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ती थोडी सैल ठेवतात.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. फार्मासिस्ट डॉक्टरांना चार ओळींची टिपण लिहितो किंवा फोन करतो : ‘अमुक घटक दोन ठिकाणांहून चालू आहे. ई.जी.एफ.आर. ३८ आहे, मेटफॉर्मिन दिवसाला २००० मिलिग्रॅम आहे. रोज दुखण्याची गोळी घेतात. आपण पाहावे ही विनंती.’ निर्णय डॉक्टरांचा. ते डोस कमी करतील, औषध बदलतील किंवा कारण सांगून आहे तेच ठेवतील. पाचवी पायरी म्हणजे बदलानंतर दोन आठवड्यांनी माणसाला विचारणे : गोळी कळली का? जुनी पाकिटे घरातून काढली का? घेरी आली का?

हे अन्यत्र झाले आहे

ही काही हवेतली कल्पना नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ॲशव्हिल नावाचे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने १९९६ साली आपल्या मधुमेही कामगारांसाठी एक योजना काढली. कामगाराने नेमलेल्या फार्मासिस्टला नियमित भेटायचे, फार्मासिस्टने साखर, औषधे, पाय पाहायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. त्या बदल्यात मधुमेहाच्या औषधांतला कामगाराचा वाटा माफ. पाच वर्षांपर्यंतचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. एच.बी.ए.वन.सी. सुधारले आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. औषधांवरचा खर्च वाढला, पण दवाखाना-इस्पितळाचा खर्च इतका उतरला की एकूण खर्च कमीच झाला. वेळेवर आळवणीला चार पैसे घातले आणि पुढचे नुकसान टळले, त्यातलाच हा प्रकार.

इंग्लंडात ७२ दवाखान्यांत असाच एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. काही दवाखान्यांना धोक्याच्या चिठ्ठ्यांची नुसती संगणकी यादी दिली. काहींना यादीबरोबर फार्मासिस्टही दिला, जो डॉक्टरांशेजारी बसून एकेक चिठ्ठी दुरुस्त करून घेई. सहा महिन्यांनी पाहिले तर फार्मासिस्ट असलेल्या ठिकाणी धोक्याच्या चिठ्ठ्या स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. तो प्रयोग एकट्या मधुमेहाचा नव्हता. पण धडा सर्वांना लागू आहे. नुसता कागद पाठवून काम होत नाही, माणूस शेजारी बसावा लागतो. माती परीक्षणाचा कागद पोस्टाने पाठवला तर तो आढ्याला खोचला जातो, आणि बांधावर जाऊन समजावला तर खताची मात्रा बदलते, हा आमच्या खात्याचाही अनुभव आहे.

आणि मुंबईचे म्हणाल, तर तिथेही फार्मासिस्टने दुकानापलीकडचे काम केले आहे. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबई परिसरातील औषध दुकानांतल्या फार्मासिस्टना क्षयरोगाच्या कामाचे प्रशिक्षण दिले. लांबलेल्या खोकल्याचा माणूस ओळखून तपासणीला पाठवणे आणि सरकारी कार्यक्रमातील क्षयाची औषधे दुकानातच समक्ष खाऊ घालणे, हे काम त्यांनी केले. क्षयासाठी जे जमले ते मधुमेहासाठी न जमण्याचे कारण नाही. रोज सकाळी तोच काउंटर, तोच माणूस, तीच ओळख. इस्पितळातल्या डॉक्टरांना न मिळणारा वेळ या काउंटरवर थोडा तरी मिळू शकतो.

अडचणी आहेत, त्या लपवणार नाही

पहिली अडचण अशी की पुष्कळ दुकानांत पाटी फार्मासिस्टच्या नावाची आणि काउंटरवर दुसराच कोणीतरी असतो. अशा ठिकाणी सल्ला मागण्यात अर्थ नाही. दुसरी अडचण धंद्याची. दुकानदाराचा फायदा जास्त विकण्यात, आणि आपण त्याला सांगतो आहोत की यादी कमी करायला मदत कर. म्हणून या कामाचा मोबदला विक्रीतून न निघता वेगळा असावा, हे बरे. तिसरी अडचण मानाची. ‘केमिस्ट आम्हाला शिकवणार का?’ असे काही डॉक्टरांना वाटू शकते. बाहेरच्या देशांतही प्रथम असेच वाटले होते. परंतु टिपण नम्र असली, मुद्देसूद असली आणि रिपोर्टासह असली, की आपला भार हलका झाल्याचे डॉक्टरांच्याच लक्षात येते. चौथी अडचण आपलीच. डॉक्टर रागावतील म्हणून आपण दुसरी चिठ्ठी दाखवत नाही. बंधूंनो, ती लपवून आपण डॉक्टरांचा मान राखत नाही, त्यांना अंधारात ठेवतो.

औषध परवडत नाही म्हणून दिवसाआड गोळी घेणारे सभासदही आहेत. तेही फार्मासिस्टला सांगावे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली, सिटाग्लिप्टिनचे २०२२ साली संपले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात येऊन भाव बरेच उतरले. २००८ पासून जनऔषधी दुकाने आहेत. त्याच घटकाची स्वस्त गोळी कोणती, हे फार्मासिस्ट सांगू शकतो. डॉक्टरांच्या संमतीने बदल करून घ्यावा.

सभासदांनी काय करावे

१) सर्व औषधे, सिरिंज व रिपोर्ट एका कापडी पिशवीत ठेवावेत. डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर असलीच पाहिजे. मुंबईला निघताना तिकिटाआधी ती आठवावी.

२) शक्यतो एकाच दुकानातून औषधे घ्यावीत आणि बिल घ्यावे. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट समक्ष बसतो का, हे विचारण्यात संकोच नको.

३) त्याच्याकडून घटकाच्या नावांची यादी करून घ्यावी. एक प्रत पिशवीत, एक घरात आणि एक काळाचौकीच्या पुतण्याकडे किंवा भावाकडे असावी. मोबाईलवर फोटो पाठवला तरी चालेल.

४) नवी चिठ्ठी आली की जुन्यातले काय चालू, काय बंद, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. बंद झालेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत.

५) एच.बी.ए.वन.सी. तीन ते सहा महिन्यांनी, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने वर्षातून निदान एकदा तपासावीत. डोळ्यांचा पडदा आणि तळपाय यांचीही वर्षातून एकदा तपासणी करावी.

६) दुखण्याची गोळी मागताना ‘मला शुगर आहे’ हे आधी सांगावे.

७) शेतात जाताना खिशात साखरेची पुडी असावी. घाम, थरथर, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, अशी लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि नंतर काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे. एरवी आपल्याला वर्ज्य असलेली साखर अशा वेळी जीव वाचवते.

एक सूचना

गावोगावी आरोग्य शिबिरे होतात. डॉक्टर येतात, रक्त तपासले जाते, कागद मिळतो आणि माणूस घरी जातो. अशा शिबिरात डॉक्टरांच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल मांडावे, त्यावर फार्मासिस्ट बसवावा आणि सभासदाने औषधांच्या पिशवीसह यावे, असे आम्ही सुचवितो. लागणारा खर्च म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्या फार्मासिस्टचे योग्य मानधन. मुंबईकर मंडळींनीही आपल्या मंडळाच्या किंवा गावकी सभेच्या शिबिरात काळाचौकीला हे करून पाहावे. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय काढल्यास त्यावर विचार होऊ शकेल.

सहकार म्हणजे तरी काय? एकट्याला जे पेलत नाही ते चौघांनी मिळून पेलणे. मधुमेही माणसाच्या औषधांचा भार आज एकट्या डॉक्टरांवर आहे. त्यांना फार्मासिस्टची जोड मिळावी आणि आपण पिशवी उघडी करावी, इतकेच सांगणे आहे. पुढच्या आठवड्यात ऊस नोंदीला गट कार्यालयात याल, तेव्हा त्याच वाटेवर औषधाच्या दुकानात थांबून यादीचे काम उरकून घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी